फुकटचा वकील

मराठीत ‘फुकट’ या शब्दाला कधी बरे दिवस आले नाहीत. फुकटचा सल्ला, फुकटचा मोठेपणा, फुकटची उठाठेव, फुकट गेलेला दिवस! जे विनामूल्य मिळते ते फुकट, आणि जे वाया जाते तेही फुकटच, असा या शब्दाचा दुहेरी स्वभाव आहे. वाचकहो, भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी आपण फुकट घेतो ती हक्काने मागून. परंतु वकील फुकट मिळतो असे कोणी सांगितले, तर आपल्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की मग तो वकील तरी कसला असणार! या एका शब्दापायी एका बाईचे घर जाण्याच्या बेतात कसे आले, हे मी फार जवळून पाहिले आहे. तेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

आमचा संसार गेली अठरा वर्षे सिलतऱ्यात आहे. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघाले की शहर मागे पडते न पडते तोच पोलादाच्या आणि स्पंज आयर्नच्या कारखान्यांची धुरांडी दिसू लागतात. तेच सिलतरा. सकाळी झाडून घेतलेल्या ओट्यावर दुपारपर्यंत काळी धूळ बसते आणि तुळशीला पाणी घालण्यापूर्वी तिची पाने धुवावी लागतात. कारखाने येण्यापूर्वी येथे धानाची शेते होती. अजूनही मधूनमधून आहेत. या उरलेल्या शेतांना आता असा भाव आला आहे, की सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणे सोडावे.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईचे नाव येथे सांगत नाही. तिला मी छत्तीसगडी रीतीप्रमाणे ‘बहिनी’ म्हणते, ती मला ‘दीदी’ म्हणते, आणि तेवढे आपल्याला पुरे. तिचा नवरा येथल्याच एका कारखान्यात मजुरीला होता. तो काविळीने गेला. मूलबाळ एक मुलगी. मागे राहिली ती सासऱ्याच्या जमिनीतली नवऱ्याच्या वाट्याची चाळीस डिसमिल जागा आणि तिच्या कडेला दोन खोल्यांचे कौलारू घर. आपल्याकडच्या हिशेबाने सोळा गुंठे. पूर्वी तिथे दोन पोती धान पिकले तरी आनंद होता. आता रस्त्याकडेची जागा म्हणून दलाल गाडी घेऊन येतात.

एके दिवशी बहिनीने मला एक कागद दाखवला. तो तिच्या पत्र्याच्या पेटीत, ऋणपुस्तिकेच्या खाली, एकोणीस दिवस पडून होता. न्यायालयाचे समन्स होते ते. दोघा दिरांनी दिवाणी दावा लावला होता. त्यांचे म्हणणे असे, की धाकट्या भावाने मरणापूर्वी आपला हिस्सा सोडून दिला असून तसा त्याचा लेख आहे, सबब त्याच्या विधवेचा या जागेवर काही अधिकार नाही आणि तिने घर रिकामे करून द्यावे. सोबत त्या लेखाची नक्कल होती आणि तिच्यावर अंगठ्याचा एक ठसा.

समन्स मिळाल्यापासून लेखी कैफियत देण्यास दिवाणी प्रक्रिया संहितेने तीस दिवस दिलेले आहेत. सबळ कारण असेल तर ते नोंदवून न्यायालय मुदत वाढवू शकते. पण नव्वद दिवसांपलीकडे जाणे हा सहज मिळणारा उपकार नव्हे. तारखेला कोणी हजरच झाले नाही, तर दावा एकतर्फी चालतो. रायपूरच्या न्यायालयात तारखेला ‘पेशी’ म्हणतात आणि कैफियतीला ‘जवाबदावा’. (नागपूरच्या माहेरी मी हे शब्द ऐकले नव्हते. एरवी या दोन शहरांच्या कोर्टकचेऱ्या परक्या नाहीत. १९५६ पर्यंत रायपूरची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात जात. मग ती जबलपूरला जाऊ लागली आणि १ नोव्हेंबर २००० पासून बिलासपूरला. मराठी वकीलही रायपूरला नवे नाहीत. १९०० साली ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक निघाले तेव्हा माधवराव सप्रे यांच्यामागे प्रकाशक म्हणून उभे राहिलेले वामनराव लाखे हे पुढे वकीलच झाले.)

“वकील केलास का?” असे मी विचारले तेव्हा बहिनी म्हणाली, “पैसा कुठून आणू? आणि फुकटचा वकील काय कामाचा? तो पैसे देणाऱ्याचाच होणार.” हे तिला तिच्या मोठ्या दिराने सांगितले होते. सल्ला देणाऱ्याचा हेतू काय हे आपण ओळखलेच असेल.

गरिबाला दिवाणी दाव्यात वकील कोठून मिळतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. फौजदारी खटल्यात आरोपीला सरकार वकील देते, हे चित्रपटांनी सर्वांना शिकवले आहे. पण घर, शेत, पोटगी, वारसा, भाडे ही सारी दिवाणी प्रकरणे. आणि संसार मोडतात ते बहुधा याच प्रकरणांनी.

कायद्यात यासाठी दोन दरवाजे आहेत. पहिला जुना, १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला. तिच्या तेहतिसाव्या आदेशाप्रमाणे, ज्याच्याजवळ कोर्ट फी भरण्यापुरतेही साधन नाही त्याला ती न भरता दावा लावण्याची परवानगी मिळते. मूळ कायद्यात अशा माणसाला ‘पॉपर’, म्हणजे कंगाल, म्हटले होते. जेथे दाव्याची फी ठरलेली नाही तेथे त्याच्यापाशी शंभर रुपयांचीही मालमत्ता नसावी, मात्र अंगावरची आवश्यक वस्त्रे आणि वादाची वस्तू त्यातून वगळावी, असे लिहिलेले होते. कायदा करणाऱ्याने माणसाच्या अंगावरचे धोतर हिशेबातून वगळले, हीच काय ती त्याची दया! १९७६ च्या दुरुस्तीने ‘पॉपर’ जाऊन ‘निर्धन व्यक्ती’ आली आणि शंभराचे हजार झाले. याहून महत्त्वाचे म्हणजे नियम ९-क घातला गेला. निर्धन म्हणून दावा लावण्याची परवानगी मिळालेल्या माणसाला वकील नसेल, आणि प्रकरणाची परिस्थिती तशी असेल, तर न्यायालय त्याला वकील नेमून देऊ शकते. ही दुरुस्ती १ फेब्रुवारी १९७७ रोजी अमलात आली. त्याआधी महिनाभरही झाला नव्हता, ३ जानेवारी १९७७ रोजी, संविधानातला अनुच्छेद ३९-क अमलात आला होता. पैशाअभावी किंवा इतर दुबळेपणामुळे कोणालाही न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, यासाठी राज्याने विनामूल्य विधी साहाय्य द्यावे, असे तो सांगतो.

या दरवाजाविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, कोर्ट फी माफ होत नाही, पुढे ढकलली जाते. निर्धन माणूस दावा जिंकला तर ती वसूल होते आणि मिळालेल्या वस्तूवर तिचा पहिला बोजा असतो. दुसरी, हा दरवाजा मुख्यतः दावा लावणाऱ्याचा आहे. बहिनीवर तर दावा लागला होता.

म्हणून तिच्यासाठी होता तो दुसरा दरवाजा, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. संसदेने तो १९८७ साली मंजूर केला खरा, पण तो अमलात येण्यास ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. बारशानंतर आठ वर्षांनी मूल रांगू लागावे, असे हे झाले. या कायद्याचा सारा जीव त्याच्या बाराव्या कलमात आहे. दावा लावणारा असो वा दाव्याला उत्तर देणारा असो, अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती, स्त्री किंवा बालक, अपंग, मोठ्या आपत्तीत सापडलेला, कोठडीतला, ठरावीक उत्पन्नाच्या आतला, आणि औद्योगिक कामगार, या साऱ्यांना विधी सेवेचा हक्क आहे. प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असावे, एवढीच अट. भगिनींनो, या यादीत ‘स्त्री’ या शब्दापुढे उत्पन्नाची कोणतीही मर्यादा लिहिलेली नाही. ‘औद्योगिक कामगार’ या शब्दापुढेही नाही. आमच्या सिलतऱ्यात पाळी सुटताना जे शेकडो लोक काळवंडलेल्या कपड्यांनी फाटकातून बाहेर पडतात, त्यांच्यापैकी किती जणांना आपले नाव या कलमात असल्याचे ठाऊक असेल, असा विचार आता दर संध्याकाळी माझ्या मनात येतो.

हे सारे कोणाच्या तरी चिकाटीने घडले आहे. मुंबई राज्यात १९४९ साली न्यायमूर्ती नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांच्या विधी साहाय्याचा विचार करण्यासाठी समिती बसली होती. तिचा अहवाल बराच काळ कपाटातच राहिला. पुढे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती प्रफुल्लचंद्र भगवती यांनी गुजरातेत, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासह साऱ्या देशासाठी, तो विषय पुन्हा हाती घेतला. बापाचे अर्धे राहिलेले काम मुलाने पुढे न्यावे, हे आपल्या घरांत नवे नाही. एवढेच की येथे घर जरा मोठे होते.

रायपूरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तेथे बहिनीला घेऊन गेले. तिला लिहिता येत नाही. तिचे म्हणणे तेथल्या मनुष्याने ऐकून घेऊन लिहून काढले, वाचून दाखवले, आणि तिने अंगठा उठवला. उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नाही. तिचे वकीलपत्र एका तरुण वकीलबाईंकडे गेले.

यानंतर सारे सुरळीत झाले असे मी सांगितले, तर ते खरे होणार नाही. पहिली भेट न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्याउभ्या, दोन मिनिटांची झाली. वकीलबाईंच्या काखेत कागदांचा गठ्ठा होता आणि त्यांना आत पुकारा झाला होता. पुढच्या पेशीला मुदत वाढवून घेण्यापुरता त्यांचा कनिष्ठ आला. बहिनीशी एक शब्दही न बोलता गेला. परतताना बसमध्ये ती म्हणाली, “पाहिलेस दीदी, फुकटचे असेच.” मोठ्या दिराने रस्त्यात गाठून तिला सांगितले होते, की दहा हजार रुपये घे आणि मुलीला घेऊन माहेरी जा. ती कबूल करण्याच्या बेतात होती. न्यायालयात हरली असती तर निदान अपील होते. पण व्हरांड्यातच आशा सोडणाऱ्यासाठी कोणतेही अपील कायद्याने ठेवलेले नाही.

मी तिला एवढेच विचारले, की गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरने तुझ्या मुलीकडे नीट पाहिले नाही, तर तू काय करतेस? ती म्हणाली, “खिडकीपाशी बसून राहते. पाहीपर्यंत उठत नाही.” मग वकिलाच्या दारातून का उठावे?

कारण, वाचकहो, हा वकील कोणी दान म्हणून दिलेला नसतो. त्याचे मानधन प्राधिकरण देते, आणि ते सार्वजनिक पैशातून येते; बहिनी काडेपेटी विकत घेते तेव्हा त्यात तिचाही वाटा असतो. अशिलाकडून त्याने एक पैसाही मागू वा घेऊ नये, असा नियम आहे. कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, कागदांच्या नकला हेही प्राधिकरणाकडून मिळू शकते. १९८७ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात ‘विनामूल्य’ या शब्दाच्या शेजारी ‘सक्षम’ हा शब्द बसवलेला आहे, आणि २०१० साली निघालेल्या विनियमांच्या नावातच ही दोन विशेषणे जोडीने आली आहेत. आपण मात्र पहिले विशेषण तेवढे वाचतो. वकिलाचे काम समाधानकारक नसेल तर तशी तक्रार करता येते, दुसरा वकील मागता येतो, आणि कामावर देखरेख ठेवण्यासाठी समितीही असते. याखेरीज कोणाकडूनच मानधन न घेता, केवळ लोकहितासाठी उभे राहणारे वकीलही आहेत. गरिबाला विनामूल्य साहाय्य करणे हे वकिलाचे समाजाप्रती मोठे कर्तव्य आहे, असे वकील परिषदेच्या आचारनियमांत लिहिलेले आहे. ते पाळणारे मोजके का असेनात, आहेत.

दूरच्या देशांतही हा प्रश्न असाच चिघळत आला आहे. इंग्लंडात सातव्या हेन्रीच्या काळी, १४९५ मध्ये, गरीब दावेदाराला न्यायालयाने विनामूल्य वकील नेमून द्यावा असा कायदा झाला होता. अमेरिकेत मात्र संघीय दिवाणी न्यायालय अशा वेळी वकिलाला विनंती करू शकते, सक्ती करू शकत नाही, असे तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवले. मला सर्वांत जवळची वाटते ती आयर्लंडमधली जोहाना एअरी. नवऱ्याच्या जाचातून तिला कायदेशीर विभक्ती हवी होती आणि वकिलाचे पैसे नव्हते. ‘न्यायालयाचे दार उघडे आहे, तिने स्वतः येऊन बोलावे’ असे सरकारचे म्हणणे होते. १९७९ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ते मानले नाही. उघडे दार आणि आत शिरता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या न्यायालयाने एका सामान्य स्त्रीच्या बाजूने मान्य केले.

आमची बहिनी पुढच्या सोमवारी वकीलबाईंच्या बसण्याच्या जागी जाऊन बसली. सकाळी साडेदहापासून दुपारी तीनपर्यंत. डब्यात बासी आणली होती, ती तिथेच खाल्ली. (रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्याबरोबर खातात, त्याला येथे ‘बासी’ म्हणतात, उन्हाळ्यात हे अन्न फार निववते.) तीन वाजता वकीलबाई आल्या. डबा पाहून छत्तीसगडीतून म्हणाल्या, “माझ्या आईनेही आज हेच दिले आहे.” तिथून पुढचा तासभर त्या दोघी बोलत होत्या आणि मला तिथे काही काम उरले नाही.

त्या तासात वकीलबाईंनी एक साधा प्रश्न विचारला. “तुझा नवरा सही करायचा की अंगठा?”

बहिनी चकित झाली. “तो पाचवी शिकलेला होता. सही करायचा. कारखान्यात पगार घेताना वहीवर सही केली की मला घरी येऊन दाखवायचा, हवेत बोट फिरवून.”

वकीलबाईंनी लेखाची नक्कल तिच्यापुढे ठेवली. ज्याने दर महिन्याला पगाराच्या वहीवर नाव लिहिले, त्याने आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या कागदावर मात्र अंगठा उठवला होता. बहिनीने तो कागद कितीदा तरी पाहिला होता. पण तिला स्वतःला अंगठाच येत असल्यामुळे त्यात काही वावगे आहे असे तिला वाटले नव्हते. दिरांनाही बहुधा तसेच वाटले असावे. शिवाय स्थावर मालमत्तेतला शंभर रुपये वा अधिक किमतीचा हक्क सोडून देणारा लेख नोंदवावा लागतो. हा लेख नोंदलेला नव्हता. मृत नवऱ्याच्या हिश्श्यावर विधवेचा आणि मुलीचा वारसाहक्क १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पहिल्या वर्गात मोडतो, हेही वकीलबाईंनी तिला बोटांवर मोजून समजावले. वाढवून मिळालेल्या मुदतीत, समन्सपासून एकाहत्तराव्या दिवशी, लेखी कैफियत दाखल झाली.

मध्यंतरी राष्ट्रीय लोकअदालतीत हे प्रकरण ठेवले गेले. दहा हजारांचे दीड लाख झाले होते. लोकअदालतीत तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचे बळ येते, भरलेली कोर्ट फी परत मिळते, आणि तिच्यावर अपील नाही. वकीलबाईंनी हे तीनही मुद्दे तिला सांगितले, आणि ‘सही कर’ किंवा ‘करू नकोस’ यांपैकी काहीही सांगितले नाही. मला स्वतःला वाटत होते, की घ्यावेत पैसे. भावकीतले वैर किती वर्षे ओढायचे, आणि मुलीचे लग्न पुढे आहे. मी तसे बोलूनही दाखवले. बहिनीने मोठ्या दिराकडे पाहिले, मग मुलीकडे, आणि विचारले, “अपील नाही म्हणजे मग हे घर परत कधीच मागता येणार नाही ना?” नाही, असे उत्तर मिळाले. तिने अंगठा उठवला नाही. माझे मत अजूनही थोडेसे पैशांच्याच बाजूला झुकते. पण घर तिचे आहे.

दावा अजून चालू आहे. कारखान्याकडून पगाराची जुनी वही मागवावी असा अर्ज वकीलबाईंनी दिला आहे आणि वही घेऊन कोणीतरी साक्षीला येणार आहे. पुढची पेशी येत्या महिन्याच्या अकरा तारखेला. बहिनीने माझ्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या आकड्याभोवती हळदीचे बोट फिरवून ठेवले आहे. तिची मुलगी आता आठवीत आहे. ती शेजारी पेन्सिलीने ‘साडेदहा’ असे लिहून गेली.

आपल्या घरी, शेजारी, कारखान्याच्या चाळीत अशी कोणी बहिनी असेल आणि तिच्या पेटीत असा एखादा कागद असेल, तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवेची विचारपूस विनामूल्य करता येते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचे कार्यालय कोठे आहे, हे दारावरचा शिपाईही सांगतो. जाताना सोबत समन्स, सातबारा किंवा येथल्यासारखी ऋणपुस्तिका आणि शिधापत्रिका असावी. आणि डबा न्यावा. तेथे वेळ लागतो.